विधिसाहाय्य : वकील व विधी स्वयंसेवक

विधिसाहाय्य : कायद्याने दिलेला हक्क मिळविण्यासाठी अथवा कायद्याने आलेल्या संकटातून सुटण्यासाठी व्यक्तीस जी मदत लागते, तीस विधिसाहाय्य म्हणतात. ही मदत दोन प्रकारच्या व्यक्तींकडून मिळू शकते. पहिली व्यक्ती म्हणजे वकील, अर्थात कायद्याची पदवी घेऊन राज्य वकील परिषदेच्या सूचीत नोंदलेला अधिवक्ता. दुसरी म्हणजे कायद्याचे जुजबी शिक्षण घेतलेला, परंतु वकिलीची सनद नसलेला साहाय्यक. इंग्रजी शब्दावरून यास ‘पॅरालीगल’ असे म्हणतात. भारतातील विधी सेवा यंत्रणेत त्याचे रूढ नाव ‘विधी स्वयंसेवक’ असे आहे. कोणत्या कामासाठी यांपैकी कोणाकडे जावे, हा प्रश्न वरकरणी सोयीचा वाटला, तरी त्याच्या उत्तरावर अनेकदा जमीन, पोटगी किंवा व्यक्तिस्वातंत्र्य अवलंबून असते. प्रस्तुत नोंदीत या प्रश्नाचा विचार मुख्यत्वे अहमदनगर जिल्ह्याच्या (२०२४ पासून अहिल्यानगर) संदर्भात केला आहे.

वकिलाचे विधिमान्य स्थान : ब्रिटिश अमदानीत वकील, प्लीडर, मुखत्यार असे व्यवसायिकांचे अनेक वर्ग होते. अधिवक्ता अधिनियम, १९६१ याने ते मोडून अधिवक्त्यांचा एकच वर्ग निर्माण केला. या अधिनियमाच्या कलम ३३ नुसार नोंदणीकृत अधिवक्त्याखेरीज अन्य कोणासही न्यायालयात व्यवसाय करता येत नाही. तसा अधिकार नसताना व्यवसाय करणाऱ्यास कलम ४५ अन्वये सहा महिन्यांपर्यंत कारावासाची शिक्षा सांगितली आहे. कलम ३२ चा अपवाद मात्र लक्षात घेण्याजोगा आहे. एखाद्या विशिष्ट प्रकरणापुरती वकील नसलेल्या व्यक्तीस बाजू मांडण्याची परवानगी न्यायालय देऊ शकते. अशा व्यक्तीस उभे राहण्याचा हक्क नसून न्यायालयाच्या अनुज्ञेनेच तिला बोलता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये हरिशंकर रस्तोगी प्रकरणात स्पष्ट केले. पक्षकारास स्वतःची बाजू स्वतः मांडण्याचा अधिकार अर्थातच आहे.

वकिलाच्या सनदेबरोबर तीन गोष्टी येतात. पहिली म्हणजे गोपनीयता. अशिलाने व्यावसायिक कामासाठी सांगितलेली गोष्ट त्याच्या संमतीवाचून उघड करण्यास वकिलास कायद्याने मनाई आहे. पूर्वी ही तरतूद १८७२ च्या पुरावा अधिनियमात होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ याच्या कलम १३२ मध्ये आहे. वकिलाचे कारकून व दुभाषे यांनाही ती लागू आहे. विधी स्वयंसेवकाचा उल्लेख मात्र तीत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे शिस्त. गैरवर्तनाबद्दल वकिलाविरुद्ध महाराष्ट्र व गोवा वकील परिषदेकडे तक्रार करता येते आणि दोष सिद्ध झाल्यास सनद निलंबित अथवा रद्द होऊ शकते. तिसरी गोष्ट म्हणजे अशिलाप्रत असलेली कर्तव्ये. दाव्यातून मिळणाऱ्या रकमेत हिस्सा ठरवून घेण्यास वकिलास बंदी आहे, तसेच पुरेशा कारणाशिवाय व सूचना न देता त्यास काम सोडता येत नाही. फी थकली म्हणून अशिलाची कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये आर. डी. सक्सेना प्रकरणात दिला. वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येत नाही, असे २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने ठरविले असल्याने असमाधानी अशिलास ग्राहक आयोगाकडे जाता येत नाही.

विधी स्वयंसेवक : राज्यघटनेच्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने (१९७६) अनुच्छेद ३९-अ समाविष्ट झाला आणि आर्थिक अथवा अन्य दुर्बलतेमुळे कोणीही न्यायास वंचित होऊ नये म्हणून मोफत विधिसाहाय्य पुरविणे, हे राज्याच्या धोरणाचे तत्त्व बनले. एम. एच. होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९७८) या प्रकरणात गरजू कैद्यास मोफत विधिसाहाय्य देणे हे राज्याचे कर्तव्य असून ती मेहेरबानी नव्हे, असा सिद्धान्त प्रस्थापित झाला. शीला बरसे विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९८३) या प्रकरणाने पोलीस कोठडीतील व्यक्तींपर्यंत हे साहाय्य पोहोचविण्याची व्यवस्था घालून दिली. पुढे विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ संमत होऊन ९ नोव्हेंबर १९९५ पासून अंमलात आला. राष्ट्रीय, राज्य, जिल्हा आणि तालुका अशी चार पातळ्यांची यंत्रणा त्यामुळे उभी राहिली.

या यंत्रणेत वकिलांची नामिका होती. परंतु गाव आणि वकील यांमधील अंतर तिने भरून निघत नव्हते. त्यासाठी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २००९ मध्ये विधी स्वयंसेवकांची योजना आखली व पुढे तीत सुधारणा केली. शिक्षक, निवृत्त कर्मचारी, अंगणवाडी सेविका, बचत गटांच्या सदस्या, समाजकार्याचे व कायद्याचे विद्यार्थी, इतकेच नव्हे तर दीर्घ शिक्षा भोगणारे चांगल्या वर्तनाचे कैदीही या कामासाठी निवडता येतात. त्यांना प्रशिक्षण, ओळखपत्र व कामाच्या दिवसांचे मानधन मिळते. साहाय्य घेणाऱ्याकडून मात्र त्यांनी पैसा घ्यावयाचा नसतो. गावातील विधी सेवा केंद्रे, न्यायालयातील मदतकक्ष आणि कारागृहे ही त्यांच्या कामाची ठिकाणे होत. हरवलेल्या मुलांच्या तक्रारींकडे दुर्लक्ष होऊ नये म्हणून पोलीस ठाण्यांतही विधी स्वयंसेवक नेमावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिला.

परदेशांत याहून वेगळी व्यवस्था आढळते. उदा., कॅनडातील आँटॅरिओ प्रांतात २००७ पासून पॅरालीगल हा परवानाधारक स्वतंत्र व्यवसाय असून ठरावीक किरकोळ दाव्यांत त्यास फी घेऊन न्यायाधिकरणापुढे उभे राहता येते. भारतात असा स्वतंत्र परवाना नाही. त्यामुळे ‘वकिलाऐवजी स्वस्तातला पॅरालीगल’ असा पर्याय येथे अस्तित्वातच नाही. भारतीय विधी स्वयंसेवक हा वकिलाची जागा घेणारा नसून वकिलापर्यंत नेणारा असतो, हे या विषयातील मूलभूत सूत्र होय.

जिल्ह्याची परिस्थिती : अहमदनगर हा क्षेत्रफळाने (सु. १७,०४८ चौ. किमी.) महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा असून २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या ४५,४३,१५९ होती. त्यात चौदा तालुके आहेत. जिल्ह्याचे मुख्य न्यायालय नगर शहरात आहे. मुंबई उच्च न्यायालयाचे संबंधित खंडपीठ औरंगाबाद (छत्रपती संभाजीनगर) येथे आहे. पश्चिमेकडील अकोले तालुक्यातील डोंगराळ गावांपासून जिल्ह्याचे ठिकाण शंभर किलोमीटरांहून दूर पडते. मजुरी बुडवून व भाडे खर्चून केलेली एक फेरी ‘आज साहेब नाहीत’ या उत्तराने वाया गेली, की गरीब पक्षकार पुन्हा येत नाही. कोठे, केव्हा व कोणती कागदपत्रे घेऊन जावे, एवढी माहिती गावात मिळणे हेही म्हणून महत्त्वाचे साहाय्य ठरते.

जिल्ह्यातील प्रश्नांचे स्वरूपही विविध आहे. अकोल्यातील महादेव कोळी व ठाकर समाजांचे वनहक्काचे दावे, गोदावरी-प्रवरा खोऱ्यांतील बागायती जमिनींच्या वाटण्या, शेतरस्त्यांचे तंटे, पाथर्डी-शेवगाव-जामखेड भागांतून हंगामात स्थलांतर करणाऱ्या ऊसतोड मजुरांच्या उचलीचे वाद आणि जातीय अत्याचारांचे खटले ही त्यांची ठळक उदाहरणे होत.

या विभागणीस जिल्ह्यातच एक बोलका दाखला आहे. जामखेड येथे १९७० मध्ये डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी सुरू केलेल्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पात गावातील स्त्रियांना, त्यांतील अनेक निरक्षर असताही, आरोग्यसेविका म्हणून तयार करण्यात आले. बाळंतपण, पाणी, आहार व साधे आजार त्या सांभाळीत आणि गंभीर रुग्ण वेळीच ओळखून डॉक्टरांकडे पाठवीत. या कार्यास १९७९ मध्ये मागसायसाय पुरस्कार लाभला. आरोग्यसेविका शस्त्रक्रिया करीत नाही; पण शस्त्रक्रियेची वेळ कोणती, हे तिला कळते. विधी स्वयंसेवकाकडून अपेक्षा आहे ती नेमकी हीच.

निवडीचे निकष : कोणाकडे जावे हे ठरविताना पुढील चार प्रश्न उपयोगी पडतात : (१) प्रकरण न्यायालयात आहे काय, की शासकीय कार्यालयात? (२) समोर विरोधी पक्ष उभा आहे काय? (३) मुदत चालू झाली आहे काय? (४) हरल्यास होणारे नुकसान भरून येण्याजोगे आहे काय? प्रकरण कार्यालयात, विरोध नाही, मुदत दूर व चूक सुधारण्यासारखी असेल, तर विधी स्वयंसेवक पुरेसा होतो. यांपैकी एकही उत्तर उलट आल्यास वकिलाचा सल्ला घेणे इष्ट ठरते.

अटक व फौजदारी खटला : येथे पर्यायाचा प्रश्नच नाही. अटक झालेल्या व्यक्तीस आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ ने दिला आहे आणि तिला चोवीस तासांच्या आत (प्रवासाचा काळ वगळून) दंडाधिकाऱ्यापुढे नेणे बंधनकारक आहे. ऐपत नसल्यास शासनाच्या खर्चाने वकील मिळतो. आरोपीने तो मागितला नाही या कारणावरून हा हक्क नाकारता येत नाही, असे सुखदास प्रकरणात (१९८६) ठरले. २०२२ पासून राष्ट्रीय प्राधिकरणाने आरोपींच्या बचावासाठी पूर्णवेळ विधिसाहाय्य वकिलांची योजना आणली आहे. अशा वेळी विधी स्वयंसेवकाचे काम म्हणजे नातेवाइकांना व विधी सेवा प्राधिकरणास तत्काळ कळविणे, इतकेच. घटनेविषयी सविस्तर हकिगत मात्र वकिलासच सांगावी. कारण गोपनीयतेचे संरक्षण तेथेच आहे.

जमीन : वारसाची नोंद, सातबारावरील चूक, फेरफाराची नक्कल ही कामे अर्ज व कागदपत्रे यांवर होतात. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या कलम १४९ नुसार वारसाहक्काने आलेल्या हक्काची खबर तीन महिन्यांत द्यावयाची असते. येथे विधी स्वयंसेवकाची मदत पुरते. तथापि, फेरफारावर हरकत आली, की प्रकरणाचे स्वरूप पालटते. महसूल अधिकाऱ्याच्या आदेशाविरुद्धचे अपील आदेश देणारा अधिकारी जिल्हाधिकाऱ्याहून कनिष्ठ असल्यास साठ दिवसांत करावे लागते. फेरफाराची नोंद ही मालकीचा निर्णय नव्हे; मालकी दिवाणी न्यायालयच ठरविते. बहिणींची नावे सातबारावर लागली नाहीत म्हणून त्यांचा हिस्सा बुडत नाही. त्याचप्रमाणे भावाचे एकट्याचे नाव लागले म्हणून तो एकटा मालकही होत नाही. तलाठी कार्यालयात वर्षानुवर्षे हेलपाटे घालणाऱ्यास ही गोष्ट वेळीच सांगणे, हा विधी स्वयंसेवकाच्या उपयुक्ततेचा खरा कस होय. शेतरस्ता अडविला गेल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ अन्वये तहसीलदाराकडे सहा महिन्यांच्या आत दाद मागता येते. ही मुदत टळल्यास तो मार्ग बंद होतो. वाटपाचा दावा, मनाई हुकूम, खरेदीखतापूर्वी मालकीहक्काची तपासणी ही कामे मात्र वकिलाचीच आहेत. न्यायालयाचे समन्स मिळाल्यावर प्रतिवादीस कैफियत देण्यास तीस दिवस असतात, म्हणून समन्स हाती पडताच वकील गाठावा.

वनहक्क : २००६ च्या वनहक्क अधिनियमानुसार दाव्याची सुरुवात ग्रामसभेपासून होते. जुनी कागदपत्रे, वयोवृद्धांचे जबाब, जागेची पाहणी यांची जुळवाजुळव विधी स्वयंसेवक व स्थानिक कार्यकर्ते वकिलापेक्षा अधिक चांगली करू शकतात. ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध उपविभागीय समितीकडे व तिच्या निर्णयाविरुद्ध जिल्हा समितीकडे प्रत्येकी साठ दिवसांत दाद मागावयाची असते. अनुसूचित क्षेत्रांत जिल्हा समितीच्या निर्णयावर विभागीय समितीकडे जाण्याची सोय २०२० मध्ये राज्यपालांच्या अधिसूचनेने झाली. हे सर्व मार्ग संपल्यावर उरतो तो उच्च न्यायालयातील रिट अर्ज आणि त्यासाठी वकील अपरिहार्य असतो. पहिल्या पायरीवर पुरावा नीट गोळा झालेला नसेल, तर शेवटच्या पायरीवर वकिलाचा इलाज चालत नाही.

कुटुंब : कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण अधिनियम, २००५ यानुसार पीडित स्त्रीच्या वतीने संरक्षण अधिकारी अथवा अन्य कोणीही व्यक्ती दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करू शकते. पहिला अर्ज विधी स्वयंसेवकाच्या मदतीने देता येतो. पोटगी, घर व मुलांचा ताबा यांवर प्रतिवाद सुरू झाल्यावर वकील असणे हितावह होय. कुटुंब न्यायालय अधिनियम, १९८४ याच्या कलम १३ नुसार कुटुंब न्यायालयात वकील देणे हा पक्षकाराचा हक्क नाही. न्यायालयाच्या परवानगीने तो देता येतो. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाविषयीच्या २००७ च्या अधिनियमाने न्यायाधिकरणापुढे वकिलास मनाई केली होती. अधिवक्ता अधिनियमाचे कलम ३० हे २०११ मध्ये अंमलात आल्यावर ही मनाई टिकत नाही, असे काही उच्च न्यायालयांनी म्हटले आहे.

ग्राहक तक्रारी व माहितीचा अधिकार : जिल्हा ग्राहक आयोगापुढे तक्रारदार स्वतः किंवा प्राधिकृत प्रतिनिधीमार्फत उभा राहू शकतो. प्रतिनिधी वकीलच असला पाहिजे असे नाही, हा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये महाराष्ट्रातून गेलेल्या प्रकरणातच दिला. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. माहितीच्या अधिकाराचा अर्ज करण्यास वकील लागत नाही. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे यांनी या कायद्यासाठी महाराष्ट्रात चळवळ उभारली होती. अनेक प्रकरणांत हा अर्ज म्हणजे वकिलाकडे जाण्यापूर्वी कागद हाती आणण्याचे साधन ठरतो.

अत्याचाराचे खटले : अशा खटल्यात शासनाची बाजू सरकारी वकील मांडतात. तथापि खटल्याचे भवितव्य साक्षीदारांवर अवलंबून असते आणि साक्षीदार गावातच राहत असतात. जामखेड तालुक्यातील खर्डा येथे २०१४ मध्ये झालेल्या दलित युवकाच्या हत्येच्या खटल्यात अनेक साक्षीदार फितूर झाले आणि २०१७ मध्ये नगरच्या न्यायालयाने आरोपींना दोषमुक्त केले. उत्तम वकील असूनही पुरावा न्यायालयापर्यंत पोहोचला नाही, तर खटला कोसळतो, हे अशा प्रकरणांतून दिसते. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंध अधिनियमात २०१५ च्या दुरुस्तीने घातलेले कलम १५-अ पीडितांना व साक्षीदारांना संरक्षण, प्रवासखर्च आणि सुनावणीची सूचना मिळण्याचा हक्क देते. पीडितांना स्वयंसेवी संस्था, सामाजिक कार्यकर्ते अथवा वकील यांचे साहाय्य घेता येईल, असेही त्यात म्हटले आहे. दोन्ही प्रकारचे साहाय्य कायद्याने येथे शेजारीशेजारी ठेवले आहे.

खर्चाचा प्रश्न : वकील परवडत नाही म्हणून अन्य कोणाकडे जावे, ही समजूत अनेकांचे नुकसान करते. १९८७ च्या अधिनियमाच्या कलम १२ नुसार स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती, बेगारीचे बळी, औद्योगिक कामगार, दुष्काळ-पूर यांसारख्या आपत्तींनी ग्रासलेले लोक व कोठडीतील व्यक्ती मोफत विधिसाहाय्यास पात्र आहेत. या वर्गांना उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये ठरविण्यात आली. अर्ज नगर येथील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अथवा तालुका विधी सेवा समितीकडे करता येतो आणि लिहिता न येणाऱ्यास तो तोंडी सांगता येतो. २०१० च्या विनियमांनुसार त्यावर सात दिवसांच्या आत निर्णय अपेक्षित आहे. वकिलाच्या फीखेरीज न्यायालयीन शुल्क व नकलांचा खर्चही या साहाय्यात मोडतो. नामिकेवरील वकिलाने अशा पक्षकाराकडे फी मागणे नियमबाह्य आहे. राष्ट्रीय प्राधिकरणाचा मदत दूरध्वनी क्रमांक १५१०० हा आहे.

लोकन्यायालय : तडजोडीस योग्य अशी प्रकरणे लोकन्यायालयात मिटविता येतात. विधी स्वयंसेवक दोन्ही पक्षांस तेथवर आणू शकतो. परंतु लोकन्यायालयाच्या निवाड्यास दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते व त्याविरुद्ध अपील चालत नाही. म्हणून जमिनीचा अथवा पोटगीचा कायमचा हक्क सोडणाऱ्या तडजोडीवर स्वाक्षरी करण्यापूर्वी ती वकिलाकडून वाचून घेणे श्रेयस्कर होय.

मध्यस्थ व दलाल : न्यायालये व तहसील कचेऱ्या यांच्या आवारात अर्जलेखक, मुद्रांक विक्रेते आणि ‘काम करून देणारे’ मध्यस्थ आढळतात. अर्ज लिहून देणे हा निरुपद्रवी व्यवसाय आहे. निकालाची हमी देणे हा नव्हे. अपघातग्रस्तांच्या घरी जाऊन मोबदला घेऊन त्यांची प्रकरणे वकिलांकडे वळविणारे दलाल हा जुना रोग असून १८७९ च्या कायद्यातही त्यावर उपाय योजला होता. २०२३ च्या दुरुस्तीने तो कायदा रद्द होऊन दलालांच्या याद्या प्रसिद्ध करण्याची तरतूद अधिवक्ता अधिनियमातच आली. खरा विधी स्वयंसेवक ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. तो प्राधिकरणाचे ओळखपत्र दाखवितो, पैसे मागत नाही, मूळ कागदपत्रे ठेवून घेत नाही, कोऱ्या कागदावर सही मागत नाही आणि ‘हे माझ्या आवाक्याबाहेरचे आहे’ असे वेळीच सांगतो. वकिलाकडेही वकीलपत्रावर सही करताना फी किती व त्यात काय अंतर्भूत आहे हे विचारणे, पैशांची पावती घेणे आणि दाखल केलेल्या प्रत्येक कागदाची प्रत स्वतःजवळ ठेवणे हा अशिलाचा अधिकार आहे.

मर्यादा : विधी स्वयंसेवकांचे प्रशिक्षण अल्पकालीन व मानधन तुटपुंजे असते. वकिलांसारखी शिस्तपालनाची वैधानिक यंत्रणा त्यांच्यासाठी नाही. प्राधिकरण त्यांना कामावरून दूर करू शकते, एवढाच अंकुश आहे. तो गावचाच असल्याने लोकांचा विश्वास त्यास सहज लाभतो. त्याच कारणाने गावातील जातीचे, भावकीचे व पुढाऱ्यांचे दडपणही त्याच्यावर येऊ शकते. उलटपक्षी वकील त्रयस्थ असतो, परंतु त्यास गावातील वस्तुस्थिती कागदांवरूनच समजते. दोघांच्या उणिवा अशा परस्परपूरक असल्याने निवड ही बहुधा ‘हा की तो’ अशी नसून ‘आधी कोण व नंतर कोण’ अशी असते. माहिती, अर्ज व पुराव्याची जमवाजमव यांसाठी प्रथम विधी स्वयंसेवक आणि वाद, मुदत किंवा अटक उद्भवताच वकील, हा क्रम सामान्यतः योग्य होय. या दोन पायऱ्यांमध्ये गेलेला काळ मुदतीतून वजा होत नाही, हे मात्र कायम ध्यानात ठेवावे लागते.